चौऱ्याहत्तर अक्षरात लिहिताना

२०१९ चा एप्रिल. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात चालले होते. मी तेव्हा एका अडत दुकानाचं बिलिंगचं काम करून द्यायचे, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मीच लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम होता, वजन आणि दर टाकला की हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी छापून यायची. एक दिवस जतकडचे एक म्हातारे शेतकरी पट्टी हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणले, "ताई, आकडा कळला, पर ह्ये खाली काय लिवलंय?" खाली रक्कम अक्षरी होती, इंग्रजीत. फॉर्टी सेव्हन थाऊजंड थ्री हंड्रेड अँड सेव्हंटी फोर. मी वाचून दाखवलं, सत्तेचाळीस हजार तीनशे चौऱ्याहत्तर. ते म्हणले, "मग तसंच लिवा की."

एवढं बोलून ते गेले, पण मला काही ते डोक्यातून जाईना. अक्षरी रक्कम कशासाठी लिहितात, तर आकड्यात कुणी खाडाखोड केली, एखादं शून्य वाढवलं, तरी अक्षरात ते करता येऊ नये म्हणून. म्हणजे ती ओळ त्या माणसाच्या पैशाची राखण करायला आहे आणि नेमकी तीच त्याला वाचता येत नाही. आणि ती छापणारा प्रोग्रॅम माझा.

खरं तर शब्दात लिहायचं काम मी केलेलं नव्हतं, त्यासाठी एक छोटी मुक्त लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला तयार कोड, वापरत होते. संख्या द्यायची, भाषेचा कोड द्यायचा, शब्द मिळतात. भाषा बऱ्याच होत्या, मराठी नव्हती. इंग्रजीत लाख नाही त्यामुळं सव्वा लाखाच्या पट्टीवर 'वन हंड्रेड ट्वेंटी फाइव्ह थाऊजंड' असं यायचं, ते आमचे दिवाणजी पेनानं खोडून वर 'एक लाख पंचवीस हजार' लिहायचे. हे मी कित्येक महिने बघत होते आणि मला वाटायचं लायब्ररीच तशी आहे, आपण काय करणार. लायब्ररी मुक्त आहे म्हणजे आपण तिच्यात भर घालू शकतो हे कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं, पण स्वतः हात घालावा हे कधी सुचलं नव्हतं.

इथं एक सांगते. इंग्रजीत 'फ्री' या शब्दानं कायम गोंधळ होतो, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून लोकांना समजावावं लागतंय की इथं फ्री म्हणजे स्वातंत्र्य, किंमत नाही. प्रोग्रॅम चालवायचं, आत बघून बदलायचं, दुसऱ्याला द्यायचं आणि बदललेलाही दुसऱ्याला द्यायचं स्वातंत्र्य. आपल्याकडं मुक्त आणि फुकट असे दोन सरळ वेगळे शब्द आहेत. मला तो फरक त्या एप्रिलात खऱ्या अर्थानं कळला, कारण फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल आपण तक्रार करत नाही, जे मिळालं ते घेतो, पण मुक्त वस्तू अपुरी असेल तर ती पुरी करायचा हक्क आपला असतो आणि थोडीफार जबाबदारीही.

तर मी प्रकल्पाची 'कॉन्ट्रिब्युटिंग' नावाची फाइल उघडली. जिथं कुठं भर घालायची असेल तिथली ही फाइल आधी शांतपणे वाचा, दोनदा वाचा. त्यात लिहिलेलं असतं की कोडची शैली कुठली, टेस्ट कशा चालवायच्या, आधी इश्यू (अडचण किंवा सूचना मांडणारी नोंद) उघडायचा का थेट पुल रिक्वेस्ट (माझा बदल प्रकल्पात घ्या अशी विनंती) द्यायची. इथं आधी इश्यू उघडा असं होतं. मी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, मराठी भाषा जोडायची आहे, कोड एमआर, मी स्वतः मराठी आहे आणि हे मला बिलांसाठी लागतंय. चार ओळींना एक संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, स्वागत होतं, आणि एक प्रश्न होता, इंग्रजीची फाइल कॉपी करून शब्द बदलले की झालं ना, एक ते नऊ, मग वीस, तीस, चाळीस?

मला पण तोवर तसंच वाटत होतं. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की तसं नाही. इंग्रजीत ट्वेंटी वन, थर्टी वन, फॉर्टी वन, सांधा दिसतो. आपलं एकवीस, एकतीस, एक्केचाळीस, एक्कावन्न, एकसष्ट, एक्काहत्तर, एक्क्याऐंशी, एक्क्याण्णव. 'एक' प्रत्येक ठिकाणी वेगळा होतो आणि पुढचा दशकही बदलतो, पन्नासचा कधी वन्न होतो कधी पन्न, बावन्न पण त्रेपन्न, सत्तरचा हत्तर होतो. जोडून तयार करता येत नाही, शंभर शब्द एकेक करून लिहावे लागतात. लहानपणी उजळणीत पाठ केलेलं असतं त्यामुळं आपल्याला हे दिसतच नाही.

शंभर शब्द लिहायला मी दिवाणजींना बसवलं. सत्तरीचे आहेत, चाळीस वर्षं हातानं पट्ट्या लिहिलेला माणूस, त्यांच्याइतकं अक्षरी रकमा लिहिलेलं मला दुसरं कोण भेटणार. दुपारी सौदे उरकले की ते सांगायचे आणि मी टाइप करायचे, कधी लॅपटॉपवर, कधी दुकानात गर्दी असेल तर मोबाईलवर. (हे मोबाईल आणि लॅपटॉप लक्षात ठेवा, पुढं त्याचं मोठं प्रकरण झालं.) शेहेचाळीस का सेहेचाळीस यावर अर्धा तास गेला, ते बोलताना शेचाळीस म्हणतात, भाऊ शेहेचाळीस म्हणतो. शेवटी मी सेहेचाळीस ठेवलं आणि टिपणात लिहून ठेवलं की हा निर्णय माझा आहे, दुसरं रूपही चालतं. असे निर्णय लिहून ठेवायची सवय मला याच कामानं लावली.

कोड पाठवला जूनमध्ये. शंभर शब्दांचा तक्ता बघून रिव्ह्यू करणाऱ्यानं, म्हणजे कोड घ्यायच्या आधी तपासणाऱ्यानं, विचारलं, खरंच काही नियम नाही? एवढी मोठी यादी म्हणजे चुकीला जागा. प्रश्न बरोबर होता. मी लिहिलं की एक नियम अर्धा आहे, एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ते एकोणनव्वदपर्यंत सगळीकडं 'एकोण' म्हणजे पुढच्या दशकाला एक कमी, म्हणजे एकोणतीस हा वीसच्या घरातला असून नाव तिसाचं घेतो. पण नव्याण्णवला तो नियम सुटतो, तिथं एकोणशंभर होत नाही, नऊ आणि नव्वद. त्याला हे इतकं आवडलं की त्यानं तेच वाक्य कोडमध्ये कॉमेंट म्हणून टाकायला सांगितलं.

आणि बघा, नेमक्या त्याच जूनमध्ये टीव्हीवर, घराघरात, आमच्या दुकानात पण एकच विषय होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीसला वीस एक, बत्तीसला तीस दोन असं वाचायला शिकवायचं म्हणून. जोडाक्षरांची नावं लहान मुलांना जड जातात आणि शब्द एका क्रमानं आणि आकडे दुसऱ्या क्रमानं असल्यामुळं लिहिताना गोंधळ होतो हे कारण दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या, विधिमंडळात गाजलं, दिवाणजी तर फार चिडले होते. मी मात्र दिवसभर तोच तक्ता समोर घेऊन बसलेली. वीस एक पद्धतीनं लिहायचं असतं तर माझं काम तिसेक शब्दांत झालं असतं, रिव्ह्यू करणारा म्हणत होता तसंच. म्हणजे मुलांना जे जड जातं तेच कॉम्प्युटरला जड जात होतं हे मला रोज दिसत होतं, त्यामुळं त्या बाईंचं म्हणणं मला तरी उडवून लावण्यासारखं वाटलं नाही. पण पट्टीवर चौऱ्याहत्तरच हवं, सत्तर चार नको, कारण त्या शेतकऱ्यानं मी वाचून दाखवलं तसंच लिवा म्हणून सांगितलं होतं. शिकायची सोय आणि वाचणाऱ्याची सवय या वेगळ्या गोष्टी आहेत असं माझं मत झालं आणि अजून तेच आहे.

तक्त्याच्या पुढचं काम मानानं सोपं. त्या लायब्ररीत सगळ्या भाषांसाठी एक मूळ क्लास, म्हणजे कोडचा सामाईक साचा, होता, तो संख्येचे तीन-तीन अंकांचे गट पाडायचा. आपले गट उजवीकडून पहिले तीन आणि मग दोन-दोन, हजार, लाख, कोटी, त्यामुळं तो भाग मला वेगळा लिहावा लागला. कोटीच्या पुढं अब्ज घ्यायचं का शंभर कोटी म्हणायचं यावर विचार केला, बोलताना आणि बातम्यात शंभर कोटीच असतं म्हणून तेच ठेवलं. अडलं ते शंभरवर. नुसते १०० असतील तर शंभर, पण १०१ झाले की एकशे एक, शंभर एक कुणी म्हणत नाही. बरं मग ११०० ला काय, एक हजार शंभर का एक हजार एकशे? दिवाणजी म्हणले, "आम्ही एक हजार एकशे लिहितो, शंभर फक्त एकटा असला तर." बोलताना तर अकराशेच म्हणतो आपण. तसंच दीडशे आणि अडीचशेचं, तोंडात तेच असतं पण कागदावर एकशे पन्नास, दोनशे पन्नास. मी प्रत्येकाची एक-एक टेस्ट लिहिली. टेस्ट म्हणजे दुसरं काही नाही, ११०० दिले तर 'एक हजार एकशे' आलंच पाहिजे असं लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या कुणी कोड बदलला आणि हे मोडलं तर लगेच कळतं. दिवाणजींच्या डोक्यातलं ज्ञान असं एकेक ओळ करून त्या टेस्टच्या फाइलमध्ये गेलं, ते बघताना मला फार बरं वाटायचं.

पैशांत मी चूक केली. रुपये गुणिले शंभर करून पूर्णांक घेतला आणि त्यातून पैसे काढले. रिव्ह्यू करणाऱ्यानं एवढंच विचारलं, १.१५ देऊन बघितलं का? बघितलं, तर एक रुपया चौदा पैसे. दशांश अपूर्णांक कॉम्प्युटर आत दोनाच्या घातांत ठेवतो, १.१५ त्याला नेमका ठेवता येत नाही, शंभरनं गुणलं की ११४.९९९९ असं काहीतरी येतं आणि पूर्णांक करताना पुढचं कापलं जातं. पैशाच्या हिशोबाला फ्लोट (ही दोनाच्या घातांतली पद्धत) वापरायचा नाही, डेसिमल (दशमान पद्धत) वापरायचं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. माझ्या स्वतःच्या बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये पण तीच चूक होती हे त्या रात्री सापडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी दुकानात जाऊन ती दुरुस्त केली. कोड दुसऱ्याला दाखवल्याचा एवढा थेट फायदा मला आधी कधी झाला नव्हता.

आता ते मोबाईल-लॅपटॉपचं. पुल रिक्वेस्ट टाकली की प्रकल्पाच्या सर्व्हरवर सगळ्या टेस्ट आपोआप चालतात. पहिल्या वेळी पायथन ३ वर ठीक आणि २.७ वर सगळं लाल. ते लवकर सुटलं, पायथन २ मूळ फाइल अ‍ॅस्की (फक्त इंग्रजी अक्षरांची संकेतपद्धत) समजून वाचतो, देवनागरी दिसली की थांबतो, फाइलच्या वरती कोडिंग यूटीएफ-८ अशी एक ओळ लिहावी लागते. (२०२० सुरू झाल्यावर पायथन २ ची देखभालच थांबली, पण तेव्हा दोन्ही सांभाळावं लागायचं.) ते झालं, तरी तीन टेस्ट पडत होत्या. ७४, ८४ आणि ९४. संदेश असा, अपेक्षित चौऱ्याहत्तर, मिळालं चौऱ्याहत्तर. म्हणजे दोन्ही शब्द डोळ्याला एकच आणि मशीन म्हणतंय वेगळे आहेत. मी दोन रात्री त्या तीन शब्दांकडं बघत बसले. पुन्हा टाइप केले, फॉन्ट बदलला, मोठे करून बघितले. शेवटी दोन्हीची लांबी छापली, एक ११ आणि दुसरी १२.

झालं असं होतं की हा ऱ्य, दुसऱ्यातला, शेतकऱ्यातला, ज्याचा र आडवा झोपलेला असतो, तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दोन पद्धतींनी साठवता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, ज्याला स्वतःचा क्रमांक आहे ०९३१, त्याला हलंत आणि मग य. दुसरी, साधा र, हलंत, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं अक्षर आणि मग य. पडद्यावर दोन्हीचं चित्र सारखंच. माझ्या एका कीबोर्डनं एक पद्धत वापरली होती आणि दुसऱ्यानं दुसरी. तक्ता एकावर केला, टेस्ट दुसऱ्यावर. पायथनचं युनिकोड नॉर्मलाइज करणारं फंक्शनही इथं कामाचं नाही, कारण युनिकोडच्या लेखी या दोन्ही गोष्टी एक नाहीतच. आणि दोन्ही टाळून साधा र, हलंत, य लिहिलं तर रफार होऊन चौर्याहत्तर, ते तर चूकच, चौर्य म्हणजे चोरी.

मी सगळीकडं टिंबाचा ऱ केला आणि एक जादाची टेस्ट लिहिली की या तक्त्यात न दिसणारं अक्षर कुठंही असता कामा नये. रिव्ह्यूमध्ये हे सगळं समजावून लिहायला मला एक आख्खा रविवार लागला, कारण समोरच्या माणसाला देवनागरी येत नव्हती, त्याला ती दोन अक्षरं एकसारखीच काय, सगळीच सारखी दिसत असणार. पण त्यानं प्रत्येक ओळ वाचली, शंका विचारल्या, आणि शेवटी लिहिलं की ही टेस्ट तुझ्या भाषेपुरती ठेवू नको, सगळ्या भाषांना लावू. जॉइनर काही लिप्यांना खरंच लागतो म्हणून तसं सरसकट लावता येत नाही हे मग मी सांगितलं आणि ते त्यानं मान्य केलं. एवढ्या जुन्या माणसाला मी काहीतरी सांगितलं आणि त्याला ते पटलं, ते वाक्य मी आईला वाचून दाखवलं होतं.

क्रमवाचक संख्यांवर मात्र मी नाही म्हणले. त्यांना पहिला, दुसरा, तिसरा पण हवं होतं, बाकी भाषांना आहे म्हणून. पण आपल्याकडं पहिला मुलगा, पहिली मुलगी, पहिलं मूल, परत पाचवा वेगळा आणि पाचव्या वेगळं, लिंग आणि विभक्ती माहीत असल्याशिवाय एक उत्तर देताच येत नाही. चुकीचं एक उत्तर देण्यापेक्षा 'हे अजून केलेलं नाही' असं प्रोग्रॅमनं सरळ सांगावं, असं मी लिहिलं. ते इश्यू अजून उघडंच आहे.

ऑगस्टात पूर आला. आम्ही गावभागात राहतो, आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. लॅपटॉप आणि कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून आम्ही विश्रामबागला मावशीकडं गेलो. त्याबद्दल इथं फार लिहीत नाही, ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायची गरज नाही. तीनेक आठवड्यांनी, घरातला गाळ काढून झाल्यावर, मी पुल रिक्वेस्ट उघडली तर बॉटनं (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमनं) तिच्यावर 'बरेच दिवस हालचाल नाही' असा शिक्का मारला होता आणि खाली मेंटेनरनं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यानं, लिहिलं होतं, सगळं ठीक ना? मी दोन ओळीत कळवलं. उत्तर आलं, हे काम कुठं जात नाही, आधी घर बघ. मी ज्या माणसाचा चेहरा बघितलेला नाही त्याचं ते वाक्य मला आजही तसंच आठवतं.

परत बसले तेव्हा मुख्य शाखा, म्हणजे प्रकल्पाची सगळ्यांची मूळ प्रत, बरीच पुढं गेली होती. भाषांची यादी असलेल्या फाइलमध्ये दुसऱ्या दोघांनी आपापल्या भाषा घातल्या होत्या, त्याच ओळीपाशी माझीही, त्यामुळं कॉन्फ्लिक्ट, म्हणजे कुणाची ओळ ठेवायची हा पेच. मला रीबेस करायचा होता, म्हणजे माझे बदल नव्या मुख्य शाखेवर परत बसवायचे होते, आणि मी मर्ज करून (दोन्ही शाखा एकत्र करून) परत काहीतरी ढकललं, त्यामुळं माझ्या पुल रिक्वेस्टमध्ये दुसऱ्यांचे पंचवीस-तीस कमिट (नोंदवलेले बदल) माझे म्हणून दिसायला लागले. घाबरून सगळं डिलीट करून नवी रिक्वेस्ट उघडायच्या बेतात होते. तसं करू नका. जुन्या रिक्वेस्टवर सगळी चर्चा असते, ती सुटते. मी खाली लिहिलं की माझं असं झालंय, आणि त्यांनी कुठली आज्ञा आधी, कुठली नंतर ते क्रमानं सांगितलं, आपल्या शाखेची एक प्रत बाजूला ठेव, मुख्य शाखा आण, त्यावर आपले कमिट एकेक करून बसव, कॉन्फ्लिक्ट आला की दोन्ही ओळी ठेव आणि पुढं जा. वीस मिनिटांत झालं. हे सगळे बदल सांभाळणारा गिट हा प्रोग्रॅम २००५ पासून आहे आणि यात अडकलेली पहिली मी नाही, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर रात्रीची झोप झाली असती.

यातूनच डॉक्युमेंटेशनचं काम निघालं. मी पहिल्या दिवसापासून एका वहीत लिहीत होते, कुठं अडलं, काय केलं. मूळ क्लासमधलं काय बदलावं लागतं, भाषांच्या यादीत नाव कुठं घालायचं, कोडिंगची ओळ, चलनाचं एकवचन-अनेकवचन (एक रुपया, दोन रुपये, एक पैसा, दोन पैसे), डेसिमल, न दिसणारी अक्षरं. प्रकल्पात नवी भाषा कशी जोडायची याचं पानच नव्हतं. जे जुने होते त्यांना ते पाठ, त्यामुळं लिहायची गरज त्यांना दिसत नव्हती, जशी मला एकवीसची अडचण दिसत नव्हती. मेंटेनर म्हणला, तुझी वही इंग्रजीत लिहून दे.

मला वाटलं कोड झाला, आता हे चार दिवसांचं काम. कोडला जेवढे शेरे आले नव्हते तेवढे त्या एका पानाला आले. हे वाक्य दोन करा. इथं 'सहज' शब्द काढा, वाचणाऱ्याला ते सहज नसेल तर त्याला वाईट वाटतं. इथं आज्ञा दिली आहे पण ती चालवल्यावर काय दिसायला पाहिजे ते लिहिलं नाही. हा शेवटचा शेरा मला फार महत्त्वाचा वाटतो, मी आता दुकानातल्या पोरांसाठी सूचना लिहिते तेव्हाही प्रत्येक पायरीखाली 'आता पडद्यावर असं दिसेल' लिहितेच. मग ते म्हणले, पान पूर्ण झालं असं वाटलं की ज्याला यातलं काही माहीत नाही त्याला दे आणि गप्प बस. मी मावसभावाला दिलं, तो तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. तो तिसऱ्या पायरीला अडकला कारण व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (प्रकल्पापुरती पायथनची वेगळी जागा) चालू करायची विंडोजवरची आज्ञा वेगळी असते आणि मी लिनक्सचीच दिली होती. तो अडकलेला बघून तोंड बंद ठेवणं अवघड होतं, पण ठेवलं, आणि पान सुधारलं.

मी मराठीत पण एक पान देऊ केलं होतं. त्यांनी विचारलं, इंग्रजी पान बदललं की मराठी कोण बदलणार? माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि जुनं झालेलं पान नसलेल्या पानापेक्षा वाईट, हे मला पटलं. त्याऐवजी इंग्रजी पानातच मराठीची उदाहरणं घातली, एकोणतीस, नव्याण्णव, ऱ्य. मला अजूनही वाटतं की मराठी पान हवं, पण ते सांभाळायला दोन-तीन जण तरी लागतील.

शेवटच्या कमिटवर आपल्या नावानं साइन-ऑफ करायचं होतं, म्हणजे हा कोड मी लिहिलाय आणि या लायसन्सखाली द्यायचा मला हक्क आहे असं सांगायचं. तेवढ्यासाठी मी मालकांना विचारलं, कारण काम त्यांच्या दुकानात बसून झालं होतं. ते म्हणले, दे की, आमची हळद थोडीच देतीयस. डिसेंबरात दोन्ही मर्ज झालं, आधी कोड, नंतर पान. रात्री अकरा वाजता जांभळ्या रंगात 'मर्ज्ड' दिसलं. घरात सगळे झोपले होते.

नवी हळद फेब्रुवारीत यायला लागली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर लायब्ररीची नवी आवृत्ती टाकली, भाषेचा कोड एमआर केला. प्रिंटर जुना डॉट मॅट्रिक्स, त्याला देवनागरी अक्षरं चित्र म्हणून पाठवावी लागतात, त्यामुळं ती ओळ छापायला बाकी पट्टीपेक्षा जास्त वेळ लागला. कागद फाडून मी दिवाणजींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, बोट ठेवून एकेक शब्द वाचला, बावन्न हजार आठशे चौऱ्याऐंशी रुपये शून्य पैसे फक्त. मग लाल पेन काढलं.

"शून्य पैसे कोण लिहितं बाळ? पैसे नसतील तर नुसतं फक्त."

बरोबर होतं. चाळीस टेस्ट लिहिल्या आणि ही एक राहिली. मी तिथंच टेबलावर लॅपटॉप उघडला, मुख्य शाखा ओढून घेतली आणि नवी शाखा काढली.